नववी ‘ब’चे व्हिजन बोर्ड

माझ्या नोकरीतला निम्मा काळ मी थर्माकोल कापण्यात घालवला. हे वाक्य मला निवृत्तीच्या दिवशी भाषणात म्हणायचं होतं. पण त्या दिवशीही स्टेजमागची ‘फेअरवेल’ची अक्षरं मलाच कापायला लावली होती, त्या गडबडीत भाषण राहूनच गेलं. म्हणून आता आमच्या दिल्लीच्या मंडळाच्या दिवाळी अंकात म्हणून घेते.

लोकांना वाटतं, चित्रकलेच्या बाईंचं काय, मजा आहे. मुलं रंगवत बसतात, बाई स्वेटर विणतात. प्रत्यक्षात चित्रकलेचा तास हा शाळेतला सगळ्यात बेवारस तास. गणिताचा पोर्शन राहिला, घ्या चित्रकलेचा तास. कोणी पाहुणे येणार, चित्रकलेच्या बाई रांगोळी काढतील. प्रमाणपत्रांवर नावं लिहायची, बोलवा त्यांना, अक्षर चांगलं आहे. या सगळ्यातून जो काय वेळ उरेल त्यात मुलांना बघायला शिकवायचं. हो, बघायला. पेन्सिल धरायला कोणीही शिकवेल. वर्गाच्या खिडकीतून समोर क्रेन दिसतायत, अर्धवट इमारती दिसतायत, सिमेंटची धूळ बसलेलं कडुनिंबाचं झाड दिसतंय, आणि मुलांना चित्र काढा म्हटलं की सगळी दोन डोंगर काढणार, मधून सूर्य, खाली झोपडी, झोपडीतून नदी. इतकी वर्षं मी त्या दोन डोंगरांशी भांडले. ते हरले असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मी मूळची पहाडगंजची. वडील नगरकडचे, सरकारी नोकरीमुळे दिल्लीत आले आणि इथलेच झाले. मी पहाडगंजच्याच मराठी शाळेत शिकले, चर्चमधल्या नाताळच्या नाटकांचे पडदे रंगवत चित्रकलेकडे वळले. लग्नानंतर मुनिरकाला फ्लॅट घेतला. शेवटची बरीच वर्षं नोकरी केली ती गुडगावच्या एका नव्या सेक्टरमधल्या खासगी शाळेत. ती उघडली तेव्हा तिच्यापर्यंत धड रस्ताही नव्हता. शाळेच्या रिसेप्शनला एसी होता आणि फाटकाबाहेर म्हशी. मॉल नुकतेच उघडत होते, काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि पालकांना सगळं नवीन हवं होतं, इंग्रजीतून हवं होतं, लगेच हवं होतं.

आमच्या प्रिन्सिपल भटनागर मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना फक्त नव्या गोष्टींचा भारी सोस होता. एका थंडीत त्या हायवेवरच्या पंचतारांकित हॉटेलातल्या कसल्याशा शिबिराला गेल्या आणि परत आल्या त्या चेहऱ्यावर तेज घेऊनच. मला केबिनमध्ये बोलावलं.

“साळवे जी, आपके पास विजन है?”

मी चष्म्याला हात लावला. “हाँ मैडम, पिछले महीने ही नंबर बदला है.”

त्या हसल्या नाहीत. मग मला समजावून सांगितलं. एक मोठा कार्डशीट घ्यायचा. आयुष्यात जे जे हवं आहे त्याची चित्रं मासिकांतून कापून त्यावर चिकटवायची. तो बोर्ड पलंगासमोर लावायचा, रोज बघायचा, आणि मग ते सगळं मिळतं.

“बघून मिळतं?” मी विचारलं.

“यूनिवर्स देता है, साळवे जी.”

नववीच्या प्रत्येक मुलाने स्वतःचा व्हिजन बोर्ड करायचा, पेरेंट्स डेला सगळे बोर्ड खालच्या कॉरिडॉरमध्ये लावायचे, ट्रस्टी लोक येणार, एकदम फर्स्ट क्लास झालं पाहिजे. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे स्वप्नफलक.” थोडा विचार करून म्हणाले, “म्हणजे सांताक्लॉजला पाठवायची यादीच की. फक्त भिंतीवर.”

कागद कापून चिकटवून चित्र करणं हे खरं तर उत्तम काम आहे. त्याला कोलाज म्हणतात. त्यात हात आणि डोळा दोन्ही लागतात. काय घ्यायचं यापेक्षा काय टाकायचं हे कळावं लागतं, आणि रिकामी सोडलेली जागाही चित्राचाच भाग असते. मी मनात म्हटलं, चला, यूनिवर्स काही देवो न देवो, मुलं कातर तरी नीट धरायला शिकतील.

भटनागर मॅडमनी दिलेल्या सूचनांप्रमाणे पहिल्या तासाला मुलांना डोळे मिटायला सांगायचं होतं. मी सांगितलं, “आँखें बंद करो और सोचो, दस साल बाद तुम कहाँ हो.”

वर्ग नववी ‘ब’. शेजारच्याच गावातला सुमित नावाचा आडदांड मुलगा डोळे मिटूनच म्हणाला, “मैम, दस साल बाद तो मेरी शादी हो चुकी होगी. आँखें खोल लूँ?”

त्यानंतर तो तास संपेपर्यंत कोणी डोळे मिटले नाहीत.

मग मासिकं. चाळीसेक मुलांना पुरतील इतकी रंगीत मासिकं आणायची कुठून? आमच्या वरच्या मजल्यावर लातूर-नांदेडकडची तीन मुलं राहायची, कलेक्टर व्हायच्या परीक्षांचा अभ्यास करणारी. त्यांच्याकडे मासिकांचे ढीग दिसायचे म्हणून मी वर गेले. “काकू, गठ्ठाच न्या की,” म्हणत त्यांनी तो खाली आणूनही दिला. मी मोठ्या आनंदाने शाळेत नेला आणि उघडला. सगळी स्पर्धा परीक्षांची मासिकं. धरणं, उपग्रह, शपथ घेणारे मंत्री, तेही बहुतेक काळे-पांढरे. नववी ‘ब’ला धरण नको होतं. नववी ‘ब’ला स्विमिंग पूल हवा होता.

मुलांनी मग आपापल्या घरून मासिकं आणली, सायबर कॅफेतून रंगीत प्रिंट आणले, आणि सुरू झालं. काय सांगू! तीन आठवडे मी गाड्या बघत होते. लाल गाडी, काळी गाडी, छप्पर नसलेली गाडी. गाडीच्या शेजारी बंगला, बंगल्यात पूल, पुलाच्या वर विमान. दोन बाकांवर हुबेहूब तोच बंगला सापडला, कारण मासिकाच्या दोन प्रती होत्या. मी एका मुलीला विचारलं, “ये घर तुम्हें क्यों पसंद है?” ती म्हणाली, “मैम, ये पेज पे था.” हे ऐकल्यावर माणसाने काय करावं? मी खडू खाली ठेवला आणि थोडा वेळ क्रेनकडे बघत उभी राहिले. ते दोन डोंगर निदान मुलं स्वतःच्या हाताने तरी काढत होती.

पालक तर आणखी वरचढ. एक वडील स्वतः शाळेत आले, हातात गुंडाळी. उलगडली तर फ्लेक्सवर छापलेला व्हिजन बोर्ड, पुरुषभर उंच. डॉक्टरच्या कोटावर मुलाचं डोकं बसवलेलं, पाठीमागे परदेशातलं विद्यापीठ, खाली मुलाचं नाव सोनेरी अक्षरांत.

“मैम, क्वालिटी देखिए. वॉटरप्रूफ है.”

“बच्चे को खुद बनाना था,” मी म्हटलं. “उससे पूछा आपने, उसे क्या चाहिए?”

“पूछना क्या है मैम, उसी का तो है सब.”

मुलगा मागे उभा होता. त्याचं लक्ष फाटकाबाहेरच्या म्हशींकडे होतं.

अशा सगळ्या वैतागात एके दिवशी आमचे ग्रंथपाल नायर सर मला बोलवायला आले. शांत माणूस, पण त्या दिवशी आवाज बदललेला. “साळवे मैडम, आप पहले बैठ जाइए. फिर दिखाता हूँ.”

त्यांनी टेबलावर एक जाड पुस्तक ठेवलं. ते माझंच होतं. युरोपातल्या चित्रांचं, मोठ्या आकाराचं. मला कला महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा माझ्या वडिलांनी दर्यागंजच्या फुटपाथवरच्या रविवारच्या पुस्तकबाजारातून ते आणलं होतं, बसमध्ये मांडीवर धरून. घरी कपाटात पडून राहण्यापेक्षा मुलांनी बघावं म्हणून मी ते शाळेच्या ग्रंथालयाला दिलं होतं. आणि त्यातलं एक चित्र कोणीतरी कातरीने कापून नेलं होतं. कडांसकट पान नव्हतं गेलं. पान जागच्या जागी होतं, मधे फक्त एक भोक होतं, आणि त्या भोकातून पुढच्या पानावरचा घोडा दिसत होता.

मी बसले होते हे बरंच झालं. कोणतं चित्र ते मला बघावंही लागलं नाही. खिडकीपाशी आरामखुर्चीत बसलेली एक बाई. हातात विणकाम नाही, पुस्तक नाही, मूल नाही. पाय चौरंगावर ठेवलेत, हात मांडीवर सैल पडलेत आणि ती नुसती बाहेर बघते आहे.

चोर शोधायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी नववी ‘ब’मध्ये बाकांमधून फिरताना ती बाई मला दिसली. कार्डशीट फिकट निळा रंगवलेला, मधोमध ती खुर्ची आणि ती बाई, बाकी सगळी जागा मोकळी. एकही गाडी नाही. कातरीचं काम इतकं सफाईचं की खुर्चीच्या पाठीचा बाकही चुकला नव्हता. अख्ख्या वर्गातला तो सगळ्यात चांगला बोर्ड होता, आणि त्याने माझं डोकं जास्तच फिरलं.

बोर्ड होता अनघा कुलथेचा. वर्गातली एकुलती एक मराठी मुलगी. वडिलांची कंपनी औरंगाबादहून मानेसरला आली, तेव्हा दोन वर्षांपूर्वी हे कुटुंब इकडे आलेलं. तास संपल्यावर मी तिला थांबवलं.

“हे कुठून आणलंस?”

“लायब्ररीतून, मॅम.”

खोटं बोलली असती तर ओरडायला सोपं गेलं असतं.

“पुस्तक कापतात? तेही लायब्ररीतलं?”

“मासिकांमध्ये नव्हती, मॅम. मी खूप शोधली.”

“काय नव्हती?”

“बसलेली बाई. मासिकांमध्ये सगळ्या उभ्याच असतात. गाडीला टेकून, फ्रीजला टेकून. बसलेली सापडली तर ती मेकअप करत असते, नाहीतर बाळाला काहीतरी भरवत असते. नुसती बसलेली एक पण नव्हती.”

“आणि तुला असं बसायचंय? हे तुझं व्हिजन?”

“मला नाही. आईला बसवायचंय.” मग एकदम घाईघाईने, “आई एक्सपोर्टच्या कंपनीत चेकिंगला आहे. शर्ट चेक करतात. तिथे खुर्ची नसते, दिवसभर उभं राहून करतात. घरी आली की परत उभीच. आजी-आजोबांचं, बाबांचा डबा, माझं. मी तिला बसलेलं बघितलंच नाहीये यार... सॉरी मॅम.”

राग मात्र गेला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगते. भोक पडलेलं पान डोळ्यांसमोर होतं आणि ही पोर असं काही बोलत होती. दोन्ही एकदम खरं होतं. अशा वेळी शिक्षकाचा जो वैताग होतो तो दुसऱ्या कोणत्या धंद्यात होत असेल असं वाटत नाही.

प्रकरण भटनागर मॅडमकडे गेलं. नायर सरांना रिपोर्ट करणं भाग होतं. मॅडम म्हणाल्या, सस्पेन्शन. नववीच्या रेकॉर्डवर सस्पेन्शन म्हणजे पुढे दहावीचं वर्षभर आणि नंतर शाळा सोडतानाच्या दाखल्यावर ते त्या मुलीच्या मागे लागणार. मी म्हटलं, “मैडम, किताब मेरी थी, मेरे पिताजी की दी हुई. गुस्सा भी सबसे ज़्यादा मुझे है. तो सज़ा मुझे तय करने दीजिए.”

“रूल इज़ रूल, साळवे जी. पेरेंट्स डे पर इसकी मदर आएगी, तब देखेंगे. और ये बोर्ड नहीं लगेगा. बैठी हुई औरत! इसमें विजन कहाँ है? कितना निगेटिव लगता है.”

मी मान डोलावली आणि बोर्ड लावला. अगदी शेवटी, खांबाच्या आड, जिथपर्यंत ट्रस्टी पोचायच्या आत चहा येतो.

पेरेंट्स डेला दाट धुकं होतं. ट्रस्टींच्या गाड्या अडकल्या, पालक मात्र आले. फ्लेक्सवाले वडील आपल्या बोर्डासमोर फोटो काढून घेत होते. कॉरिडॉरभर गाड्या, बंगले, विमानं. तेवढ्यात एक बाई भराभर चालत माझ्याकडे आल्या. किरकोळ बांधा, मरून स्वेटर, स्वेटरवर पांढरे दोरे चिकटलेले. मागे अनघा, मान खाली.

“साळवे बाई तुम्हीच ना? मी अनघाची आई, वैशाली कुलथे. हाफ डे टाकून आलेय.” दिल्लीत मला ‘बाई’ म्हणणारं माणूस कितीतरी दिवसांनी भेटलं. “पुस्तकाचं कळलं. तिची चूक आहे, मी तिची बाजू घेणार नाही. तुम्ही काय ती शिक्षा द्या. पण तिने त्या चित्राचं केलं काय ते मला सांगत नाहीये.”

मी त्यांना खांबाआड नेलं.

त्या बोर्डापुढे उभ्या राहिल्या. अनघाने खाली इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, ‘माय मदर’. मला वाटलं, आता यांच्या डोळ्यांत पाणी येईल. मी त्या तयारीनेच उभी होते.

“ही मी?” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला. “ही? पाय वर करून बसलेली? मी अशी बाई आहे?”

“आई, तसं नाही...”

“सगळ्या शाळेसमोर लावलंय! लोकांच्या आया बघ, लोकांची स्वप्नं बघ. आणि माझी मुलगी दाखवते की आईला काही काम नाही. अगं, त्या कंपनीत माझ्या टेबलावरून एक वाकडी शिलाई बाहेर जात नाही. मी काय बसून खाते?”

“तू बसतच नाहीस!” अनघा एकदम ओरडली. कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली. “जेवताना पण उभी असतेस! मला बघवत नाही!”

“बसले तर झोप लागते मला! मग डबे कोण करणार, तू?”

दोघींची नाकं सारखीच लाल झाली होती. मी मधे पडले, कारण कोणीतरी पडायलाच हवं होतं.

“वैशालीताई, हे तुम्हाला आवडलं नाही, ठीक आहे. मग तुम्हाला काय हवंय? तिला सांगा तरी. तिला कळणार कसं?”

“मला?” त्या अगदी वैतागून म्हणाल्या. पण मग खरंच आजूबाजूला बघायला लागल्या. कॉरिडॉरमधून सावकाश चालत गेल्या, एकेक बोर्ड बघत, त्यांच्या टेबलावरचे शर्ट बघत असतील तशा. सुमितच्या बोर्डासमोर थांबल्या. त्यावर अख्ख्या वर्गात सगळ्यात मोठी लाल गाडी होती.

“ही,” त्या म्हणाल्या.

मी तीन आठवडे त्या गाड्यांच्या नावाने बोटं मोडत होते!

“पण मी चालवणार,” त्या पुढे म्हणाल्या. “मागे बसायचं नाही. कंपनीची गाडी मला हायवेच्या कडेला सोडते आणि पुढे अंधारात चालत यावं लागतं. रोज वाटतं, इथून हात दाखवायला नको, कोणाच्या तोंडाकडे बघायला नको, आपण चावी लावायची आणि निघायचं. कुठेही. औरंगाबादला सुद्धा.”

अनघा तोंड उघडं टाकून आईकडे बघत होती. “तू कधी बोलली नाहीस.”

“तू कधी विचारलंस?”

नेमक्या त्याच वेळी भटनागर मॅडम आल्या. हातात वॉकीटॉकी, ट्रस्टी फाटकाशी पोचले होते. त्यांची नजर खांबाआडच्या बोर्डावर गेली आणि मग माझ्यावर. “साळवे जी! मैंने मना किया था ना?” मग वैशालीताईंना, शक्य तितक्या गोड आवाजात, “आप मिसेज़ कुल्थे? आप फिक्र मत कीजिए, ये बोर्ड हम अभी उतरवा देते हैं. आपको भी अच्छा नहीं लगा होगा.”

स्वेटरवरचा एक दोरा वैशालीताईंनी काढला, बोटाला गुंडाळला.

“क्यों उतरवाओगे?” त्या म्हणाल्या.

“जी?”

“मेरी लड़की ने बनाया है. बाकी सब का लगा है, इसका क्यों उतरवाओगे? किताब काटी, वो गलत किया. उसका जो पनिशमेंट है वो दो. मगर बोर्ड इधर ही रहेगा.”

“मगर आप अभी खुद...” मी पुटपुटले.

“बाई, तुम्ही मधे बोलू नका,” त्या मला मराठीत म्हणाल्या.

ट्रस्टी जिन्यापाशी दिसायला लागले होते. भटनागर मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या किरकोळ बाईकडे, आणि व्यवहारी माणूस जे करतो ते केलं. “ठीक है. और पनिशमेंट साळवे मैडम देख लेंगी.” असं म्हणून त्या ट्रस्टींना घेऊन उलट्या दिशेने, कॉम्प्युटर लॅबकडे गेल्या. सस्पेन्शनचा विषय त्यानंतर निघाला नाही. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी पालकांसाठी व्हिजन बोर्डची स्पर्धा ठेवली, आणि तिची अक्षरंही थर्माकोलमध्ये मीच कापली.

शिक्षा मी दिली ती अशी. चित्र बोर्डावरून सोडवून परत पुस्तकात लावण्याजोगं राहिलं नव्हतं, गोंदाने फाटलं. म्हणून अनघाने त्याच मापाचं चित्र पेन्सिलने काढायचं, मला पसंत पडेल असं, आणि ते त्या भोकाच्या जागी लावायचं. तिला वाटलं दोन दिवसांत होईल. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या खोलीत येऊन बसायची, फाटक्या चित्राची नक्कल करायची, मी परत करायला सांगायची. तिच्या कागदावरची बाई बसलेली वाटायचीच नाही, खुर्चीवर ठेवलेली वाटायची. आठवडे गेले. ती माझ्यावर वैतागली, मी तिच्यावर. एक दिवस मी म्हटलं, “नक्कल सोड. खरं बसलेलं माणूस समोर बघितल्याशिवाय बसणं काढता येत नाही. घरी कोणाला तरी बसव आणि काढ.”

“आजी-आजोबा हलतात खूप.”

“मग आईला बसव.”

“मॅम, तुम्ही आईला भेटलायत ना?”

पण एका सोमवारी ती कागद घेऊन आली. आदल्या दिवशी बाल्कनीत ऊन होतं. शिक्षा आहे, बाईंनी सांगितलंय, असं म्हणून तिने आईला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. वैशालीताई बसल्या, “लवकर आटप” म्हणाल्या आणि बघता बघता झोपून गेल्या. त्या झोपलेल्या होत्या तोवर अनघा काढत राहिली. मान एका खांद्यावर कललेली, तोंड किंचित उघडं, एका पायातली चप्पल निसटलेली. आणि उजवा हात मांडीवर पालथा नव्हे, उताणा, बोटं अर्धी मिटलेली. हात काढणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड. भल्याभल्यांचे हात काकड्यांसारखे दिसतात. हा हात झोपलेला होता. मी इतकी वर्षं शिकवलं, माझ्या विद्यार्थ्यांकडून मला मिळालेला तो एकच खरा हात.

मी काहीच सुचवलं नाही. कोपऱ्यात सही करायला सांगितली.

अनघा पुढे चित्रकार वगैरे झाली नाही. अकरावीला कॉमर्स घेतलं, मग कंपनीने पुन्हा वडिलांची बदली केली आणि ते लोक गेले. मला वाईट वाटलं. चांगला डोळा होता, वाया गेला असं अजून वाटतं. जायच्या आधीच्या उन्हाळ्यात शाळेच्या बसमधून मला एकदा वैशालीताई दिसल्या, लाल ‘एल’ लावलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत. ती चौकाच्या मधोमध बंद पडली होती, सगळे हॉर्न वाजवत होते, आणि त्या खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना थांबायला सांगत होत्या.

चित्र पुस्तकात लावायचं ठरलं होतं तो दिवस त्या नववीच्याच वर्षातला, परीक्षेच्या सुट्टीआधीचा शेवटचा. वैशालीताई अनघाला न्यायला आल्या होत्या. नायर सर पुस्तक घेऊन बसले होते, मी गोंद काढला होता. त्यांनी टेबलावरचं चित्र पाहिलं.

“तोंड उघडं आहे माझं.”

“उघडंच होतं,” अनघा म्हणाली.

त्या वाकून बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने स्वतःचा उजवा हात तसाच उताणा धरून पाहिला.

“हे पुस्तकात लावणार? लायब्ररीत?”

“तसंच ठरलंय,” मी म्हटलं.

“नाही. हे मी घरी नेते.”

“अहो, पण ती शिक्षा आहे! पुस्तकाला भोक आहे!”

“तुम्ही दुसरं काहीतरी लावा, बाई. तुम्हाला येतं की काढता.”

आणि त्या चित्र उचलून निघाल्यासुद्धा. मी गोंदाची बाटली हातात घेऊन फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेले, निदान पुठ्ठा तरी घ्या म्हणत. बाहेर शेअर ऑटो उभी होती, आधीच माणसांनी भरलेली. अनघा कशीबशी आत शिरली. वैशालीताई कडेला बसल्या, चित्र दोन्ही हातांत आडवं, ताटासारखं धरून. शेजारच्या माणसाच्या पोटाला कागदाची कड लागत होती.

“मैडम, फोल्ड कर लो ना इसको,” ऑटोवाला म्हणाला. “जगह नहीं है.”

“फोल्ड नहीं होगा,” त्या म्हणाल्या. “आप चलाओ.”